काचबिंदूच्या अहवालातील हिरवा, पिवळा, लाल : यंत्राने मोजलेले किती आणि हिशेबाने भरलेले किती?

धागाकर्ती : ओंकारेश्वरघाट

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी घेऊन गेले होते. आईचे वय ७१ आहे आणि आजोबांना काचबिंदू होता, त्यामुळे डॉक्टर दरवर्षी तिच्या डोळ्यांची 'ओसीटी' तपासणी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या आतील थरांचे चित्र काढणारी तपासणी, करून घ्यायला सांगतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचे, आतल्या खुणेकडे एकटक पाहायचे आणि काही सेकंदांत काम होते. सुई नाही, की डोळ्याला स्पर्शही नाही. अहवाल हाती आला तेव्हा उजव्या डोळ्याच्या वर्तुळातील वरचा आणि खालचा असे दोन भाग लाल होते. गेल्या वर्षी ते दोन्ही हिरवे होते. घरी येईपर्यंत आई काही बोलली नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने चष्मा लावून तो कागद पुन्हा पाहिला आणि मला विचारले, "हा लाल रंग माझ्या डोळ्याच्या आत आहे का गं?"

मला उत्तर देता आले नाही, म्हणून त्यानंतरचे तीन आठवडे याविषयी मिळेल ते वाचत होते. तो रंग डोळ्यात नसतो, एवढे आता मला नीट कळले आहे. यंत्र मोजते ती डोळ्याच्या आतल्या पडद्यावरील चेतातंतूंच्या थराची जाडी, आणि ती मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. नंतर ही जाडी त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या साठवलेल्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. निरोगी माणसांतही ज्यांचा थर सर्वांत पातळ असतो अशा १ टक्का लोकांच्या पातळीवर आपली जाडी आली, तर तो भाग लाल रंगवला जातो. १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान आली, तर पिवळा. आणि त्याच्या वर हिरवा. म्हणजे 'निरोगी लोकांत इतका पातळ थर क्वचितच आढळतो' एवढेच लाल रंग सांगतो, आजाराचे निदान तो करत नाही. अहवालाच्या कोपऱ्यात हे बारीक अक्षरांत छापलेलेही आहे, पण त्या दिवशी आम्हा दोघींपैकी कोणीही तो कोपरा वाचला नव्हता.

धागा काढण्याचे कारण याहून थोडे मोठे आहे. प्रकाशाने मोजणारी आणि चित्र काढणारी यंत्रे आता दवाखान्यापुरती राहिलेली नाहीत. ती खिशात, बोटावर, गच्चीवर आणि शाळेच्या वर्गातही आली आहेत. त्यांच्या प्रत्येक चित्रात प्रत्यक्ष मोजलेला काही भाग असतो आणि हिशेबाने किंवा अंदाजाने भरलेला काही भाग असतो. अंदाज वापरण्यात गैर आहे असे मला अजिबात वाटत नाही, मात्र तो कुठून सुरू होतो हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. आपापल्या क्षेत्रात ही सीमा कुठे पडते, ते जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : पाषाणकर

उत्तम विषय. प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे ओसीटीच्या मोजणीविषयी लिहितो.

सोनोग्राफीत आवाज आत सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परत आला यावरून खोली काढतात. ओसीटीत आवाजाच्या जागी प्रकाश असतो. अडचण अशी की, प्रकाशाला १० मायक्रॉन अंतर कापायला सुमारे ३३ फेम्टोसेकंद लागतात, आणि इतका अल्प काळ थेट मोजू शकेल असे घड्याळ यंत्रात बसवता येत नाही. म्हणून प्रकाशाचे दोन भाग करतात. एक डोळ्यात जातो, दुसरा ठरावीक अंतरावरील आरशावर, आणि परत आल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळतात. दोघांनी कापलेले अंतर जवळजवळ सारखे असेल तरच व्यतिकरण, म्हणजे दोन लहरी मिसळून होणारा प्रकाशाचा चढउतार, दिसते, कारण इथे एकाच तरंगलांबीचा लेसर न वापरता सुमारे ८४० नॅनोमीटरच्या आसपासच्या अनेक तरंगलांबी मिसळलेला अवरक्त प्रकाश वापरतात. हे मिश्रण जितके विस्तृत, तितकी खोलीची मोजणी बारीक. आजच्या यंत्रांना साधारण ५ मायक्रॉनच्या अंतरावरचे दोन थर वेगळे ओळखता येतात, आणि माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, हे लक्षात घेतले की या मोजणीचे मोल कळते. डेव्हिड ह्युआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे तंत्र मांडले, आणि या तिघांना २०२३ साली वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला, ही खरी मोजणी आहे, आणि तिचे चित्र म्हणजे अहवालातला तो करडा, पापुद्र्यांसारखा दिसणारा आडवा छेद. त्या छेदावर 'चेतातंतूंचा थर इथे सुरू होतो आणि इथे संपतो' अशा रेघा मात्र संगणक आखतो. छेद धूसर असला तर रेघ चुकीच्या पापुद्र्यावरून जाऊ शकते, आणि पुढची जाडी, टक्केवारी आणि रंग ही सगळी त्या रेघेवरच उभी असतात. तेव्हा मोजणी, आखणी आणि तुलना अशा तीन पायऱ्यांनी आपण त्या लाल रंगापर्यंत पोहोचतो, आणि यातील फक्त पहिली पायरी निव्वळ प्रकाशाची आहे. रंगीत वर्तुळाबरोबर तो करडा छेदही छापून मागावा, असे मी सर्वांना आवर्जून सांगतो.

प्रतिसाद : दृष्टीपेठ

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे आणि नजर तपासणारी तज्ज्ञ, आहे आणि गेली १४ वर्षे रोज हीच यंत्रे चालवते. पाषाणकर यांनी लिहिले ते अगदी बरोबर आहे. मी तपासणीच्या खोलीतल्या गोष्टी जोडते.

अहवालावर 'सिग्नल' या शब्दापुढे एक आकडा असतो. काही यंत्रांत तो १० पैकी देतात आणि ६ पेक्षा कमी असेल तर त्या अहवालावर विसंबू नये, असे आम्हाला शिकवलेले असते. डोळ्यात थोडा मोतीबिंदू असला, डोळा कोरडा पडला असला किंवा पापणी अर्धवट मिटली असली, की परतणारा प्रकाश कमी होतो आणि थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. वयस्कर माणसे शिकस्त करून डोळा ताणून उघडा ठेवतात, "आजी, मिटा आता डोळे, उघडझाप करा" असे म्हटले तरी घाबरून मिटत नाहीत, आणि तेवढ्यात अश्रूंचा थर सुकतो. अशा वेळी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकून, चार-पाच वेळा डोळे मिटायला लावून पुन्हा छेद घेतला तर आकडा पुष्कळदा सुधारतो.

दुसरी गोष्ट मायनस नंबरची. मोठा मायनस नंबर असलेला डोळा लांबट असतो, त्यात चेतातंतूंचे जुडगे थोडे सरकलेले असतात आणि थरही पातळ असतो. असे डोळे निरोगी माणसांच्या नोंदींमध्ये फारसे नसतात. हिंजवडीत काम करणारे, उणे ८ नंबरचे तिशीतले एक गृहस्थ असाच लाल अहवाल घेऊन आमच्याकडे आले होते, आणि दोन रात्री त्यांना झोप लागली नव्हती. डोळ्याचा दाब, नसेचा आकार आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी हे सारे ठीक निघाले. काचबिंदूत खरी माहिती मिळते ती त्याच डोळ्याच्या, त्याच यंत्रावरच्या, काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या अहवालांची तुलना केल्यावर. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे मायक्रॉन एकमेकांशी जुळवता येत नाहीत, कारण रेघा आखण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे.

याचा अर्थ लाल रंगाकडे दुर्लक्ष करावे असा कृपया कोणीही घेऊ नये. काचबिंदू बहुतेक वेळा वेदना न देता नजर नेतो आणि गेलेली नजर परत येत नाही. ताई, आईंची तपासणी पुन्हा करून घ्याच.

धागाकर्ती : ओंकारेश्वरघाट

दृष्टीपेठ ताई, मनापासून आभार. आत्ता दोन्ही कागद समोर घेऊन बसले आहे. गेल्या वर्षीचा अहवाल दुसऱ्या दवाखान्यातला आहे आणि यंत्राचे नावही वेगळे आहे. शिवाय या वेळच्या उजव्या डोळ्याचा सिग्नल ५ आहे. हिरव्याचे लाल झाले म्हणून आम्ही घाबरलो होतो, पण मुळात ती तुलनाच करायला नको होती. पुढच्या आठवड्याची वेळ घेते.

प्रतिसाद : खडकीबाजार

रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी दाखवणाऱ्या, बोटावरच्या ऑक्सिमीटरविषयी लिहितो, कारण एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, आमच्या घरात त्या एका आकड्यावर सगळे अवलंबून होते. पुण्यात रुग्णालयात खाट मिळत नव्हती आणि सासूबाईंच्या बोटावरचे यंत्र पहाटे ८८ दाखवत होते. त्यांना थंडी वाजून ताप भरला होता आणि हात बर्फासारखे गार होते. फोनवरून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हात चोळून गरम करायला सांगितले, बोट छातीच्या पातळीवर स्थिर ठेवायला सांगितले आणि आकड्याशेजारची नाडीची पट्टी एका लयीत वरखाली होईपर्यंत आकडा वाचू नका, असे बजावले. मिनिटभराने ती पट्टी लयीत आली आणि आकडा ९५ वर स्थिरावला.

यामागचे तंत्र मी नंतर समजून घेतले. बोटातून सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन प्रकाश आळीपाळीने पाठवले जातात. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त या दोन प्रकाशांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. कातडी, हाड आणि नख यांचे शोषण मात्र स्थिर राहते. प्रत्येक ठोक्याला जेवढा भाग बदलतो तेवढाच धमनीतल्या रक्ताचा, हे जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी ओळखले आणि १९७४ मध्ये मांडले. गार बोटात ठोकाच क्षीण झाला, तर बदलणारा भाग उरतो किती, हे त्यावरून लक्षात येईल.

यंत्र मोजते ते या दोन बदलांचे गुणोत्तर. त्याचे टक्क्यांत रूपांतर करणारा तक्ता निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन आणि त्यांचे रक्त तपासून बनवलेला असतो. जिवाला धोका नको म्हणून हे प्रयोग ७० टक्क्यांच्या आसपास थांबवतात, त्यामुळे त्याखालचे आकडे तक्ता पुढे ताणून काढलेले असतात. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात यंत्र चांगला आकडा दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. सावळ्या आणि काळ्या कातडीची माणसे ज्या देशात इतकी आहेत, त्या देशात हे प्रत्येक खोक्यावर छापलेले असायला हवे, असे मला तळमळीने वाटते.

प्रतिसाद : गिलावा

मी स्थापत्य अभियंता आहे आणि ओल शोधण्याच्या कामात थर्मल कॅमेरा वापरतो. कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला छताला ओल येत होती. आधी आलेल्या माणसाने थर्मल कॅमेऱ्यातला निळा पट्टा दाखवून 'पाणी इथून येते' असे सांगितले आणि गच्चीचा तेवढा कोबा फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने केले. पावसाळ्यात ओल तशीच आली.

थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही. सुमारे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे, पृष्ठभागातून निघणारे उष्णतेचे किरण तो मोजतो आणि त्यावरून पृष्ठभागाचे तापमान काढतो. ओली जागा बाष्पीभवनामुळे गार राहते, म्हणून ती निळी दिसते. पण एसीची गार नळी, गिलाव्यामागची पोकळी किंवा नुसती सावलीही तशीच निळी दिसू शकते. चकचकीत स्टीलवर कॅमेरा रोखला तर त्यात परावर्तित झालेली आपलीच उष्णता दिसते आणि तापमान साफ चुकते. खिडकीच्या काचेपलीकडचे त्याला काहीच दिसत नाही, कारण हे किरण साध्या काचेतून जातच नाहीत. त्याची भिंगे म्हणूनच जर्मेनियमसारख्या पदार्थाची असतात.

धाग्याच्या विषयाशी थेट जुळणारी गोष्ट अशी. फोनला जोडायच्या स्वस्त थर्मल कॅमेऱ्याचा संवेदक काही वेळा अवघा ८० × ६० ठिपक्यांचा असतो. तरीही पडद्यावर दरवाजाची चौकट आणि फरशीचे सांधे रेखीव दिसतात, कारण त्या रेषा शेजारच्या साध्या कॅमेऱ्याने घेतलेल्या असतात आणि सॉफ्टवेअरने उष्णतेच्या चित्रावर उमटवलेल्या असतात. रेषा खरी आणि उष्णताही खरी, पण त्या रेषेइतक्या बारकाव्याने उष्णता मोजलेली नसते. ग्राहकाला हे सांगितले नाही तर तो त्या रेषेवर बोट ठेवून 'इथेच फोडा' म्हणतो.

त्या सोसायटीत आम्ही निळ्या पट्ट्यावर ओलावामापक लावून पाहिला, तर तिथे छत कोरडे होते. नंतर गच्चीशेजारच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतले पाणी जाण्याचे तोंड) बंद करून रंगीत पाणी भरून ठेवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी छताच्या कडेला तो रंग उतरला. कॅमेरा कुठे शोधायचे ते सुचवतो. शहानिशा हाताने करावी लागते.

प्रतिसाद : पर्वतीवरून

फोनच्या कॅमेऱ्याबद्दल थोडे. संवेदकावरचा प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो, कारण त्यावर ब्राइस बेयर यांनी कोडॅकमध्ये असताना शोधलेली आणि १९७६ साली पेटंट मिळालेली रंगीत गाळणीची जाळी असते. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढले जातात. म्हणजे अगदी साध्या फोटोतही रंगांची दोन तृतीयांश माहिती हिशेबाने आलेली असते, आणि त्याने आजवर कोणाचे बिघडलेले नाही, कारण शेजारच्या ठिपक्यांवर प्रत्यक्ष मोजणी झालेली असते. रात्रीच्या फोटोत अनेक झटपट टिपलेली चित्रे एकावर एक जुळवून सरासरी काढतात. तीही मोजणीच आहे.

चंद्राची गोष्ट वेगळी. २०२३ साली एका हौशी छायाचित्रकाराने चंद्राचे चित्र मुद्दाम लहान आणि धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीतून फोनने त्याचा फोटो घेतला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोनने त्यात आणून दाखवले. यंत्राला चंद्र आधीच पाठ होता. आमच्या घरी मुलगी फोनवरचा चंद्र दाखवून 'दुर्बीण कशाला हवी' म्हणाली, तेव्हा मी तिला टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत घेऊन जाईन, असे ठरवले. १९४४ पासून ही संस्था पुण्यात लोकांना आकाश दाखवते आहे.

एक चांगले उदाहरणही देतो. आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने बनलेली 'सूट' ही दुर्बीण आदित्य एल-१ यानावर आहे. ते यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ती ११ गाळण्यांतून सूर्याची चित्रे घेते. यातला बराचसा प्रकाश ओझोनच्या थरात अडतो, म्हणून यंत्र वर न्यावे लागले. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे प्रसिद्ध झालेल्या चित्रांतले रंग शास्त्रज्ञांनी दिलेले आहेत, पण प्रत्येक चित्राला त्याची तरंगलांबी जोडलेली असते. रंग कल्पित, पण मोजणीचा पत्ता सोबत, हा रिवाज मला फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद : दस्तऐवज

फोनने सातबारा किंवा सोसायटीचे नकाशे स्कॅन करणाऱ्यांसाठी एक नोंद. २०१३ साली डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकतज्ज्ञांच्या लक्षात आले की, एका स्कॅनरमधून निघालेल्या इमारतीच्या नकाशात तीन वेगवेगळ्या खोल्यांचे क्षेत्रफळ एकच, १४.१३ चौरस मीटर, छापले गेले होते. मूळ कागदावर बाकीच्या दोन खोल्या १७.४२ आणि २१.११ च्या होत्या. फाइल लहान करण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकड्यांच्या जागी यंत्र एकच तुकडा पुन्हा वापरत होते. धूसर आकडा निदान धूसर दिसतो, हा मात्र सुबक आणि चुकीचा होता. जमिनीच्या कागदांच्या बाबतीत मूळ प्रत जपा, एवढेच सांगतो.

प्रतिसाद : धायरीशाळा

मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. आमच्याकडे कागदाचे घडीचे सूक्ष्मदर्शक, म्हणजे फोल्डस्कोप, आहेत. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये ते बनवून २०१४ साली प्रसिद्ध केले. जाड कागदाची घडी आणि बारीक भिंग एवढ्यावर ते साधारण १४० पट मोठे दाखवते. यात संगणक नाही, हिशेब नाही. तरीही पाषाण तलावाच्या पाण्याचा थेंब पाहताना एका मुलाने वहीत काळ्या जाड कडेची गोल अंडी काढली. ते हवेचे बुडबुडे होते. मी लगेच सांगितले नाही. त्याला काच हलकेच दाबायला सांगितली, गोल पसरले आणि दोन एकमेकांत मिसळून गेले. "बाई, अंडी अशी एक होत नाहीत," असे तो स्वतःच म्हणाला आणि त्याने खालच्या ओळीत 'हवा' असे लिहिले. नुसत्या भिंगातून पाहतानाही दिसलेले आणि समजलेले यांत अंतर राहते, हे मला त्या दिवशी मुलाकडून कळले.

धागाकर्ती : ओंकारेश्वरघाट

काल आईची तपासणी पुन्हा झाली, म्हणून कळवते. मी आधीच विनंती केली होती, त्यामुळे तिथल्या मुलीने थेंब टाकला, आईला दहा वेळा डोळे मिटायला लावले आणि मगच छेद घेतला. सिग्नल ५ वरून ८ वर आला. वरचा लाल भाग हिरवा झाला. खालचा भाग पिवळा राहिला. डॉक्टरांनी करडा छेद मोठा करून त्यावरची रेघ आईलाही दाखवली, आणि ती थराच्या कडेवरूनच नीट जात असल्याची खात्री करून घेतली. म्हणजे खालचा पातळपणा मोजणीतलाच आहे, चुकीच्या रेघेमुळे आलेला नाही. डोळ्याचा दाब १६ आहे. दृष्टिक्षेत्राची तपासणी येत्या गुरुवारी आहे आणि पुढचा ओसीटी सहा महिन्यांनी, याच यंत्रावर. आईने आजच्या अहवालाच्या मागे पेन्सिलीने यंत्राचे नाव, तारीख आणि सिग्नलचा आकडा लिहून ठेवला आहे, आणि गेल्या वर्षीचा कागद वेगळ्या पाकिटात घातला आहे.